बावन्न पौंड

भांडारकर रस्त्याला लागून एक बोळ, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी
सात बाय नऊचं माझं दुकान.
पाटीवर एवढंच: गटिंग करून मिळेल.
दुपारीही उघडं असतं,
कारण पोरं तारा दुपारीच तोडून आणतात.

बाकावर बसून लोक वाद घालतात,
मोठा खेळाडू कशानं होतो.
शाळिग्राम सर म्हणतात, सर्व्हिस.
बँकेतून निवृत्त झालेले पोंक्षे म्हणतात, किताब मोजा,
बाकी सगळं पेपरवाल्यांचं.
कुणी म्हणतं मनगट. कुणी म्हणतं, बापाचा पैसा.
मी आरीनं गाठ सोडवत असतो.
माझं मत कुणी विचारत नाही,
आणि गटिंगचे दर सोडले
तर मीही कुणाला काही सांगत नाही.

पण तार सांगते.
उभ्या सोळा, आडव्या एकोणीस.
नवशिक्याची तुटते कडेला, फ्रेमजवळ.
चिडक्याची तुटतच नाही, त्याआधी फ्रेमच तडकते.
क्लबातल्या डॉक्टरांची वर्षभर टिकते,
आणि तेच म्हणतात, जरा स्वस्तातली घाला.
केतकी देवकुळेची मात्र मधोमध,
जुन्या चार आण्याएवढ्या जागेत.
तिथंच खाच, तिथंच झीज,
जणू कुणी वर्षानुवर्षं
पायरीच्या एकाच दगडावर पाय देऊन वर गेलंय.

जगात तीनशे बारावी होती तेव्हा.
बालेवाडीला पहिल्याच फेरीत हरली,
सहा-शून्य, सहा-एक.
पेपरात दोन ओळी, त्यात आडनाव चुकलेलं.
हरली त्याच संध्याकाळी रिक्षानं आली होती,
खांद्यावर बर्फाची पिशवी.
डोळे सांगत होते, रडून झालंय.
"उद्या सहाला सराव आहे काका. बावन्नच ठेवा."

ती गेल्यावर मी जाळी कापली
आणि ड्रॉवरातून तिचीच गेल्या महिन्यातली काढली,
सोलापूरहून जिंकून आली होती, ती.
दोन्ही दिव्याखाली शेजारी शेजारी धरल्या.
चष्मा पुसला. पुन्हा धरल्या.
मग चहा आला, तो घेताना कुठली कुठे ठेवली विसरलो,
आणि कुठली जिंकलेली, कुठली हरलेली
मला ओळखता येईना.
तीस वर्षं हेच करतोय.
रडणं तिच्या हातापर्यंत पोचलंच नव्हतं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात कुमुद गेली.
तेरावं झालं, चौदाव्या दिवशी शटर वर केलं.
पहिली रॅकेट केतकीचीच निघाली.
काटा बावन्नवर आणला, क्लॅम्प लावले,
हात नेहमीसारखे चालले.
निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली.
रॅकेट काउंटरवर ठेवली नाही,
मांडीवर घेऊन बाकावर बसली, पोंक्ष्यांच्या जागेवर.
तळहातावर दोनदा आपटली, कानाशी नेली.
"खालून तिसऱ्या तारेपासून सैल होत गेलीय," म्हणाली.
मी मान खाली घातली.
"घरी बरं आहे ना, काका?"

झेरॉक्सचं यंत्र तेवढं ऐकू येत होतं.
सांगितलं कसंबसं.
मग म्हणालो, द्या इकडे, पुन्हा करतो, पैसे नकोत.
तिनं रॅकेट पिशवीत घातली, चेन ओढली.
"राहू द्या. परवा हीच घेऊन खेळते."

खेळली. जिंकली की हरली, मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.
आठवड्यानं तार आली.
माझा सैल हात त्यात ओळीओळीनं दिसत होता,
कुठं थांबलो, कुठं पुन्हा ओढलं,
आणि मधोमध
चार आण्याएवढी जागा. तिथंच.

शाळिग्राम सर अजून सर्व्हिसवर अडून आहेत.
पोंक्षे परवा म्हणाले,
त्या खालच्या ड्रॉवराला कुलूप का हो घालता?
म्हटलं, काही नाही. जुन्या तारा आहेत.